आवसंचं चांदणं आन मामाचं घोंगडं

सातारा,
३ डिसेंबर २०२३

आत्या,

पाया पडते. काल रातभर माजा डोळ्याला डोळा न्हाई. शंभूराज रडला म्हणून न्हवं, त्यो गडी कोकरावाणी झोपला. आमच्या ह्यांनी जेवताना एक बातमी दिली, तिच्यापायी.

तुला ठावं हाय, हे ट्रॅव्हलर गाडी चालिवत्यात. पाचगणीच्या शाळंत शिकवून रिटायर झालेल्या एक संयोगिता मॅडम हायत. त्या पाच-सा माणसं घिऊन राजस्थानात, पार जैसलमेरच्या पल्याड वाळूत चालल्यात. कशाला, तर रातच्या चांदण्या बघाया! मी म्हणलं, "आवं, साताऱ्यात काय चांदण्या उगवायच्या थांबल्या का?"

हे म्हणले, "हितं लायटीचा उजेड लय. तितं काळामिट्ट अंधार मिळतो."

"आन जायचं कवा?"

"आवसंला वाळूत पोचायचं."

भाकरी तव्यावर करपली बग. मी म्हणलं, "मुद्दाम आवसंला?" तर म्हणत्यात, "मुद्दाम. चंद्र नको हाय त्यास्नी." आवसंला घराबाहीर पडू नगं म्हणणारी माणसं लय बघितली. आवस बघून गाडी ठरवणारी पयल्यांदा बघितली.

त्यात मला बी जायचंय. सैपाकाला. हंबीरराव आबा म्हणून एक रिटायर सुभेदार हायत, त्यांनी सांगून ठिवलंय, पिठलं-भाकरी आसंल तरच गाडीत बसनार. आता तान्ह्या पोराला घिऊन त्या वाळूत मी कशी ऱ्हाऊ? तितं साप असत्यात म्हणं, पाणी नसतंय म्हणं. आन पोराच्या डोक्यावर आजून जावळ हाय. पाच जानेवारीला त्येला वरीस भरतंय. त्याच्या आत जावळ निघालं न्हाई तर तिसऱ्या वर्सापतूर थांबायचं, आसं सासूबाई म्हणत्यात. आन मामाच्या मांडीबिगर जावळ निघत न्हाई. मामा एकच. अर्जुनादादा. आन दादा तर बारशापसनं माजा फोन उचलत न्हाई. ह्यांचा बी उचलत न्हाई. का रुसलाय मला ठावं न्हाई.

तू त्येला समजाव. तुला फोनात ऐकू येत न्हाई म्हणून ह्यो कागद. टपालवाले नाथाजीकाका वाचून दावतील. काका, वाईच जोरात वाचा.

तुजी,
समी

*

वस्तीवरून, जत तालुका,
६ डिसेंबर

चि. समीक्षास हरणाबाई आत्याचा आशीर्वाद. आत्या बोलते तसं लिहितोय. कंसात असेल ते माझं, नाथाजीचं.

जाऊ नगस. आसं म्हणलं तरी तू जाणार, आन जावईबापूंची भाकर त्या गाडीवर हाय, तवा जा. पन सांगते तसं कर. पोराच्या टाळूला बिरोबाचा भंडारा लाव. कान बांध. तारा तुटताना दिसला तर बोट करून दावू नगं, तीनदा थू थू कर, मंजी त्येचं अशुभ आपल्याला लागत न्हाई. (मी सांगितलं, हे काही खरं नसतं. तर मला म्हणाली, तू टपाल वाट.) आन तुज्या बापाचं, आप्पाचं, मेंढरं कोंडायचं वाघर जावयानं सामान बांधाया नेलंय, ते संगं आसू दे. रातच्याला समद्यांभोवती लाव आन डोकी मोजत जा. माणसं मेंढरापरीस येडी असत्यात.

अर्जुनाची मेंढरं इस्लामपूरच्या अंगाला उसाच्या रानात बसायला गेल्यात. काल त्यो डाळ-मीठ न्यायला आलता. (मी तुझं पत्र वाचत होतो. आत्याला ऐकू यावं म्हणून इतकं जोरात, की शाळेची पोरं जमली. अर्जुना हौदापाशी पाठ करून बसलेला. एकच कळशी अर्धा तास घासत होता.) तुजं नाव काढलं की उठून जातोय. भंडाऱ्यावर हात ठिवून बोलून बसलाय, समीचा फोन उचलणार न्हाई आन बोलावल्याबिगर तिच्या दारात पाय ठिवणार न्हाई. का, ते सांगत न्हाई. तुला बी ठावं न्हाई म्हणतीस. दोघांतलं एक खोटं बोलतंय. मला ऐकू येत न्हाई, पन तेवढं कळतंय.

थंडी लय आसंल तितं. अर्जुनानं बारशाला आणलेलं घोंगडं कुठं हाय? ते ने.

(कळावे. पिठात मीठ जास्त घालू नकोस, सुभेदार लोकांना बीपी असतं. नाथाजी.)

*

गुजरात, रस्त्यावरचा धाबा,
११ डिसेंबर

आत्या,

काल पहाटं निघालो. माणसं लय ग्वाड हायत, पन गाडीत गप बसायचं त्यास्नी जमत न्हाई. संयोगिता मॅडम दुर्बीण मांडीवर घिऊन बसल्यात, लेकरावाणी. खड्डा आला की त्या दुर्बिणीला धरत्यात आन मी शंभूराजला. आबा म्हंजी हंबीरराव सुभेदार दर गावाला "आलं का वाळवंट?" आसं इचारत्यात. ह्यांनी सुरतंपसनं उत्तर द्यायचं सोडून दिलंय.

आता खरं सांगते. नाथाजीकाका, हितनं फुडं हळू वाचा.

दादा का रुसलाय ते मला ठावं हाय. बारशाला त्यो मेंढरं सोडून दोन दिस वाट तुडवत आला. काखंत घोंगडं. त्यानं कोकरांची पयली लोकर, त्यांचं जावळ, ठिवून ठिवलेलं. सोता चातीवर सूत काढलं, सणगराकडनं इणून घेतलं, चिंचुक्याची खळ लावली. मला म्हणला, "समे, कोकरांचं जावळ भाच्याच्या अंगावर. आता भाच्याचं जावळ माज्या मांडीवर." लय हसला आत्या. त्येचे सगळे दात दिसले.

सासरची पावणी बसलेली. एकजण म्हणली, "अगोबाई, मेंढराचा वास!" दुसरीनं पदर नाकाला लावला. समद्या हसल्या.

आत्या, मी बी हसले.

का हसले ते मला कळत न्हाई. नवी सून, समदी हसत्यात, आपुन बी हसावं. वर म्हणले, "ठिवा भाईर, उन्हात पडू द्या." त्यो जिन्यावरच हुता. घोंगडं भाईर वलणीवर बघितलं, पटका बांधला आन चालाया लागला. जेवला बी न्हाई. मी हाक सुदा मारली न्हाई.

घोंगडं आनलंय मी. सीटच्या खाली गुंडाळून ठिवलंय. काडायला लाज वाटती.

समी

*

जैसलमेर,
१४ डिसेंबर

आत्या,

जित्ती हाय. पोरगं बी बरं हाय. समदी हायत. एक सुभेदार तेवढं रातच्याला चोर म्हणून धरलं गेलं. आधीपसनं सांगते.

वाळू म्हंजी काय गं! मऊ, गार, एक पाय फुडं टाकला की दुसरा मागं. शंभूराजला खाली सोडला, त्यानं पयली मूठ तोंडात घातली. मी भीतीनं वरडले, मॅडम म्हणल्या, "स्वच्छ असते गं." सवच्छ! घरी ह्यांच्या चपलंची वाळू मी झाडून काढते, आन हितं पोरगं जेवतंय.

रस्त्यापसनं लांब गाडी लावली. दिवं घालवलं. आन वर बघितलं, आत्या, तर आप्पांच्या तळावरचं आभाळ! लोकर पिंजून टाकल्यावाणी पांढरा पट्टा ह्या टोकापसनं त्या टोकापतूर. मला वाटलं हुतं परमुलूख, कायतरी भलतंच आसंल. तर समदी आपलीच. मॅडम दांडीनं दावाया लागल्या, "समीक्षा, हे मृग नक्षत्र." मी म्हणलं, "आमी त्येला तिकांडं म्हणतो. डोक्यावर आलं की मध्यान रात. मावळतीला कललं की मेंढरं उठवायची येळ." तर त्यांनी वही काढली! मी सांगते आन त्या लिवत्यात. सातवीपतूर शिकलेली मी, आन रिटायर बाई माजं लिवून घ्यायली. मला हसू आवरंना.

मग पयला तारा तुटला. मी डोळं झाकून थू थू थू.

उघडलं तर दुसरा. थू थू थू. तिसरा. एकाला जोडून दोन. आत्या, त्या रातीला तारं तुटायचाच सीझन आसतोय म्हणं, ते बघायलाच ही मंडळी आल्याली! मला कुणी सांगितलंच न्हाई. पन्नासापतूर मोजलं, मग तोंड वाळलं. मॅडम घाबरल्या, "मळमळतंय का? ओवा देऊ?" मी रडकुंडीला यिऊन सांगितलं, आत्यानं सांगितलंय, लेकराला अशुभ लागू नये म्हणून.

मॅडमनी समजावलं, ते तारं न्हवंत, धूळ आन खडं हायत, वाळूच्या कणायेवढं, जळून जात्यात. मला पटलं. पन तुज्या शब्दाला नाय कसं म्हणू? तर आबा चटईवरनं म्हणले, "पोरी, एकटीनं कवर थुकशील? फौजेत ड्युटी वाटून घेत्यात. पूर्वेकडचं माजं." आन त्यांनी थू केलं. मग मॅडमच्या शाळंतल्या मास्तर मंडळींनी उत्तर घेतली. ह्यांनी दक्षिण. शेवटी मॅडमनी बी दुर्बिणीतनं डोळा न काढता हळूच थू केलं, मी बघितलं. हसून हसून माजं पोट दुखाया लागलं. भ्यायची आठवणच ऱ्हाईली न्हाई.

थंडी मातूर सुरीवाणी. समद्यांच्या अंगावर फुगीर जाकिटं, तरी दात वाजत्यात. शंभूराजचं नाक लाल झालं. मग मी सीटखालनं घोंगडं काडलं. पोराला गुंडाळलं. घटकाभरात त्येला घाम. वास आला, चिंचुक्याचा आन मेंढराचा. मी नाक खुपसून बसले.

झोपताना तू सांगितलंस तसं टपावरनं आप्पांचं वाघर काडलं, खुट्या ठोकल्या आन समद्यांच्या हातरुणाभोवती जाळं लावलं. एक मास्तर म्हणला, "आम्ही काय मेंढरं हाय का?" मी म्हणलं, "न्हाई, मेंढरं रातची भटकत न्हाईत." आन डोकी मोजली. सात. आमी दोघं आन पोरगं सोडून.

तिकांडं कललं तवा जाग आली. मोजली. सा.

आबांचं हातरुण रिकामं. वाघराची एक खुटी उपसलेली. आत्या, मी ह्यांना हालवून उठवलं. अंधारात वाळूला सगळ्या बाजू सारख्या. त्र्याहत्तर वरसाचा माणूस. ह्यांनी हॉर्न वाजवला तर आवाज चारी बाजूनं फिरून येतोय, कुठनं वाजतोय ते कळंना. मग मला आप्पा आठवलं. मी टेकाडावर चडले आन आपली हाळी दिली. चुकलेलं मेंढरू बोलवायची, पोटातनं, लांबडी. "हिर्रऽऽऽ हाऽऽऽ!" मास्तर लोकं बघत ऱ्हायली. परत दिली. परत दिली.

आन पल्याडनं हाळी आली! येगळी, पन हाळीच.

ब्याटरी मारून बघते तर दीडशेभर मेंढरं वाळूवरनं खाली येत्यात. त्यांच्या मागं लाल मुंडाशाचा एक उंच माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात आबांचं मनगट. आबा चांदण्या बघत चालत गेल्याले, अंधारात थेट त्येच्या कळपात बसल्याले. त्येला वाटलं चोर. आबा हिंदीत सांगत्यात "मैं सुभेदार हूँ", त्यो म्हणं, "तो मेरी भेड़ पर क्यों बैठे?" माजी हाळी ऐकली तवा आबा म्हणले, ही आमच्या रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगराची हाळी, तिकडं ने मला. आन त्या माणसाला बी कळलं, हाळी देणारं मेंढरावालंच हाय. चोर आसनार न्हाई.

मग काय, चुलीवर चहा. मला त्येची बोली येत न्हाई, त्येला माजी न्हाई, पन मेंढराचं खूर, लोकर, रोग, समदं हातानं बोललो. मग त्येनं शंभूराज बघितला. घोंगडं दोन बोटांत धरलं, चोळलं, नाकाला लावलं. आन हसला, आत्या. सगळे दात दिसले. हिंदीत म्हणला, "पहली कतरन. किसने बनाया?"

मी म्हणलं, "मामा."

त्येनं पोराच्या जावळावरनं हात फिरवला. त्यांच्यात बी मुलाचं केस काडत्यात, आसं खुणंनं सांगितलं. मग इचारलं, "मामा कहाँ है?"

हे बघाया लागले, मॅडम बघाया लागल्या. मी म्हणलं, "आयेगा."

खोटं बोलले का मी, आत्या?

समी

*

वस्तीवरून,
२१ डिसेंबर

समीक्षास आशिर्वाद. मी नाथाजी लिवतोय. आत्या सांगती.

तुजी दोनी पत्रं मिळाली. गुजरातच्या पत्रात हळू वाचा आसं लिवलंतं. हळू वाचलं तर आत्याला आयकू आलं न्हाई. म्हणून दोनदा वरडून वाचलं. अर्जुना तवा परत डाळ-मीठ न्यायला आलता, हौदापाशीच हुता. मेंढराकडं गेला. जेवला न्हाई त्या दिशी. दुसऱ्या दिशी जेवला.

दुसरं पत्र आयकून आत्या हसली. सुभेदाराचं परत वाचाया लावलं. चारदा.

आत्या इचारती की त्या माणसाची मेंढरं कशी हुती. तोंड काळं का पांढरं. कान किती लांब. शेपूट. लोकर राठ का मऊ. दीडशेत नर किती. रातचं कुत्रं किती ठिवतो. उनाळ्यात कुठं नेतो. ह्ये नीट लिव.

आन घोंगड्याला त्यो काय म्हणला ते परत लिव. त्येनं कुटल्या बाजूनं धरून बघितलं. काठाच्या का मदल्या.

पोराच्या अंगात घाम आला म्हंजी नेमका किती. लय घाम आला तर रातचं वरचा पदर काडायचा, नायतर सर्दी हुती.

तुजा भाऊ रागात न्हाई आता. पण त्येनं भंडाऱ्यावर हात ठिवून बोलल्यालं हाय. तुजा फोन त्येला उचलता येत न्हाई आन बोलावल्याबिगर येता येत न्हाई. दुसऱ्या कुणी फोन करून बोलावलं तर बघू. आसं आत्या म्हणती.

नाथाजी

*

सातारा,
२४ डिसेंबर

आत्या,

पत्र मिळालं. वाचून मी आदी हसले, मग रडले, मग परत हसले. सासूबाई म्हणल्या, हिला वाळवंट लागलंय.

नाथाजीकाकांचं अक्षर ह्या टायमाला लय बदललंय. आन त्यास्नी दोन वळी कंस घातल्याबिगर लिवता येत न्हाई, ह्या कागदात एक बी कंस न्हाई. कागदावर गेरूचा लाल अंगठा उमटलाय, मेंढरांवर खूण करतो तसला. पाकिटाच्या डिंकात काळ्या लोकरीचा एक क्यास. टपालखात्यानं मेंढरं पाळली आसतील तर मला ठावं न्हाई. मी इचारणार न्हाई कोण लिवतंय. शपथ घातलेल्या माणसाला उघडं पाडायचं न्हाई.

म्हणून जे इचारलं ते सांगते. तोंड काळं, अंग पांढरं, कान गळ्यापतूर लोंबतं. लोकर राठ, आपल्यापरीस लांब. नर तीन. कुत्री दोन, एक लंगडी. उनाळ्यात पाण्याच्या मागं जातो, आपल्यावाणीच. घोंगडं त्येनं काठाला धरून बघितलं, मग मदी. काठाची गाठ बघून मान हालवली, आपुन चांगल्या कामाला हालवतो तशी. "पहली कतरन" म्हणला, म्हंजी पयल्या कातरणीची लोकर. आन घाम मानंला आल्याला, पाठीला न्हाई. वरचा पदर काडला हुता. तेवढी अक्कल मला हाय.

आता घोंगड्याची गंमत. हितं आल्यावर मी ते वलणीवर घातलं न्हाई, पाळण्यात घातलं, समद्यांच्या देखत. पावणी बाई आल्याली, नाक मुरडाया लागली. मी काय बोलायच्या आत सासूबाई म्हणल्या, "सुभेदाराला जाकिटात थंडी वाजली, आमच्या नातवाला घोंगड्यात घाम आला. वास घ्यायचा तर आत यिऊन घ्या." परवा रातच्याला पाळण्यात घोंगडं दिसंना. बघते तर सासूबाईच पांघरून घोरत्यात.

जावळाचं ठरलं. रविवारी, एकतीस तारखंला, साताऱ्याभाईरच्या बिरोबाच्या देवळात. न्हावी सांगितलाय. संयोगिता मॅडम येत्यात, दुर्बीण घिऊन, रातचं गावाला आभाळ दावणार हायत. आबा बी येत्यात. ते म्हणत्यात, ज्येच्या बहिणीच्या हाळीनं मी वाचलो त्या गड्याच्या हाताला हात लावायचाय. मांडीवर आदी घोंगडं हातरायचं, त्येच्यावर शंभूराज, आन कापलेलं जावळ त्याच घोंगड्यात झेलायचं. समदं तयार हाय. मांडी तेवढी न्हाई.

बारशाला मी हसले, ते माजं चुकलं. हाक मारली न्हाई, ते त्याहून चुकलं. आता मारते. मी केलेला फोन चालत न्हाई, म्हणून दुसऱ्याच्या हातानं करते. वाळवंटात दीडशे मेंढरं आन एक सुभेदार माज्या हाळीला आले, एक भाऊ यिल का न्हाई?

आत्या, तुला ऐकू येत न्हाई, म्हणून हे तुला न्हाई. नाथाजीकाका असू देत न्हाईतर आनि कोणी. गेरूचा हात आदी धुवा. फोन लावल्यावर कदाचित बिझी लागंल, सोताच्याच नंबरवर लावल्यावर लागतो तसा. घाबरू नगा, मला कळंल निरोप पोचला.

जो कोण ह्ये वाचत आसंल त्येनं, पाया पडते, आत्ताच्या आत्ता माज्या भावाला फोन लावा.